मंद आचेवरचं चायनीज

रविवारी संध्याकाळी घरात कुणीतरी जाहीर करतं, "बाहेरून कशाला मागवायचं? चायनीज घरीच करू. पौष्टिक होईल." त्याबरोबर लहान माणसं एकमेकांकडे बघतात आणि मोठी माणसं टीव्हीकडे. 'घरीच'ला कुणाची ना नसते. धसका असतो तो 'पौष्टिक'चा. त्याचा हिशोब सगळ्यांना अनुभवानं पाठ असतो: तेल वजा, मैदा वजा, अजिनोमोटो वजा, कॉर्नफ्लोअर नावापुरतं, आणि एवढी वजाबाकी झाल्यावर खाली बाकी उरतो तो कोबी. कोबीला वजा करायची हिंमत अजून कुठल्याही आहारतज्ज्ञाला झालेली नाही. मग त्या कोबीवर सोया सॉस शिंपडून, वर पातीचा कांदा भुरभुरवून, चिनी मातीच्या बाउलमध्ये जे समोर येतं ती मोहरी आणि हळद घालायची राहून गेलेली कोबीची भाजी असते. त्यात चिनी असते ती फक्त माती.

हल्ली फोनवर तर याचे वर्गच चालतात. फ्राइड राइसमधला राइस काढून त्याजागी फ्लॉवर किसून घालतात. नूडल्सच्या जागी दुधीच्या लांब सळ्या येतात. दुध्याला उभ्या आयुष्यात एकदा तरी नूडल व्हायला मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे, पण खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर तो आनंद तितकासा उमटत नाही. एका ताईंनी चायनीज भेळेतल्या तळलेल्या नूडल्स अपायकारक म्हणून काढल्या आणि भाजलेले कुरमुरे घातले. शेव नको म्हणून डाळ्या घातल्या, सॉस नको म्हणून चिंच-गुळाचं पाणी घातलं, आणि शेवटी अतिशय समाधानानं म्हणाल्या, "बघा, किती हेल्दी!" भेळ बिचारी परदेश फिरून सुखरूप गिरगाव चौपाटीला परत आली होती.

हे सगळं मी कुचेष्टेनं म्हणत नाही. मी घरच्या चायनीजच्याच पक्षाची आहे. आमच्या ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारीच रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी असते, त्यामुळे दर आठवड्याला गाडीवरचं ट्रिपल शेझवान आम्हाला परवडणारं नाही. पण लेकीला ते आवडतं, तिच्या बाबांना आवडतं, आणि नाइलाज म्हणून सांगते, मलाही आवडतं. माझं म्हणणं एवढंच की आपण वजाबाकी चुकीच्या रकान्यात करतो. ज्याची भीती बाळगायची ते तसंच ठेवतो आणि ज्याच्यात सगळी गंमत असते ते आधी काढून टाकतो.

त्यासाठी आधी गाडीपाशी जाऊन उभं राहायला पाहिजे. स्टेशनाबाहेरची ती लाल गाडी कुठल्याही गावातली घ्या. तिच्यावर ड्रॅगन असतो. तो ज्यानं रंगवला त्यानं आधी जन्मभर ट्रकवरचे मोर रंगवलेले असणार, कारण शेपटीकडे ड्रॅगनला पिसारा फुटू लागलेला असतो. आत बहुधा नेपाळकडचा एखादा पोरगा. त्याची शेगडी पेटते तेव्हा भप्प असा आवाज होतो आणि ज्वाळा कढईच्या काठावरून आत डोकावते. तो तेल ओततो, लसूण टाकतो, लसणाला लाल व्हायला सवडही न देता भाज्या, लगेच भात, आणि लांब दांड्याच्या डावाच्या टोकानं भांड्यांतून मीठ, मिरपूड, अजिनोमोटो, सॉस असं टिपत टिपत कढईच्या कडेवर ठण्‌ ठण्‌ वाजवतो. दोन मिनिटांत प्लेट. "ड्राय की ग्रेव्ही?" या प्रश्नाला गिऱ्हाइकाचं उत्तर पूर्ण व्हायच्या आत पुढची कढई तापलेली असते.

हे खाणं किती चिनी आहे यावर नाक मुरडणारी एक जमात आहे. नुकतीच शांघायला कंपनीच्या खर्चानं जाऊन आलेली मंडळी त्यात बहुसंख्य. पण याची कुळकथा अगदी सरळ आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टोंग अछ्यू नावाचा एक चिनी व्यापारी कलकत्त्याजवळ आला, वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवली आणि तिथं साखरेचा कारखाना काढला. त्याच्या नावावरून आजही तिथल्या गावाला अछीपूर म्हणतात. त्याच्यामागून आणखी चिनी आले. कँटनकडचे सुतारकाम करू लागले, हाक्का लोकांनी कलकत्त्याच्या टांगरा भागात चामडं कमावण्याचे कारखाने काढले, आणि त्या वस्तीतल्या चुलींवर बंगाल्यांच्या जिभेला रुचेल असं चिनी जेवण शिजू लागलं. हाक्का नूडल्स आपण ज्यांच्या नावानं खातो ते हे लोक. त्याच कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग पुढे मुंबईत आले. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात कुणा गिऱ्हाइकानं काहीतरी वेगळं मागितलं म्हणून त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची बारीक चिरून परतली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरचा हात लावलेल्या कोंबडीच्या तुकड्यांवर ते ओतलं. चिकन मंच्युरियनची जन्मकथा ती अशी सांगतात. म्हणजे सुरुवात आलं-लसूण-मिरचीनं. आपल्याकडच्या अर्ध्या भाज्यांची सुरुवात तीच. हे जेवण मुळात चिनी हातांनी आपल्यासाठी केलेलं आहे, तेव्हा त्यात आपण आणखी दोन फेरफार केले तर कुणाचा अपमान होण्याचं कारण नाही. फक्त ते फेरफार डोळे उघडे ठेवून करावेत.

आता भीतीकडे येते. आमच्याकडे नवऱ्याच्या आत्या राहायला असतात. कुठल्याही हॉटेलात गेलं की खुर्चीवर टेकायच्या आत त्या वेटरला विचारतात, "अजिनोमोटो नाही ना घालत?" तो म्हणतो, "नाही मावशी." त्याच्या त्या 'नाही'वर त्यांचा जेवढा विश्वास आहे तेवढा आमच्या कुणाच्या शपथेवरही नाही. या अजिनोमोटोचं प्रकरण आहे मोठं मजेशीर. पहिली गोष्ट, ते चिनी नाही, जपानी आहे. १९०८ साली तोक्योच्या विद्यापीठात किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञांनी कोंबू या समुद्रशैवालाच्या कढणातून त्याची चव वेगळी काढली आणि पुढच्याच वर्षी ते बाटलीतून विकायला आलं. साठ वर्षं कुणाची फारशी तक्रार नव्हती. १९६८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांचं एक छोटंसं पत्र छापून आलं, की अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो, छातीत धडधडतं, अशक्त वाटतं. कारण सोया सॉस असेल, स्वयंपाकात वापरतात ती वाइन असेल, हे चवीचं मीठ असेल, नाहीतर नुसतंच जास्त मीठ असेल, असे त्यांनी सगळे अंदाज मांडले होते. जगानं त्यातला एकच उचलला. पुढे कुणाला खरं आणि कुणाला खोटं दिलं ते न कळवता तपासण्या झाल्या, तेव्हा जेवणात पडतं एवढ्या प्रमाणात त्याचा ठाम असा त्रास काही सापडला नाही. पण तोवर बदनामी सातासमुद्रापार आमच्या आत्यांपर्यंत पोचली होती.

गंमत म्हणजे या बदनाम पुडीत सोडियम असतं साधारण बारा टक्के आणि आपल्या सज्जन मिठात एकोणचाळीस. तीच चव पिकलेल्या टोमॅटोत असते, अळिंब्यांत असते, मुरवलेल्या चीजमध्ये असते. मी काही त्या पुडीची वकील नाही; घरात ती नसली तरी माझं काही अडत नाही. पण "अजिनोमोटो नाही म्हणजे पौष्टिक" असं ठरवून मग त्याच कढईत सोया सॉसची बाटली उलटी करणं, याला काय म्हणावं? एका मोठ्या चमच्याएवढ्या सोया सॉसमध्ये नऊशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला दोन हजारांच्या आत राहायला सांगते, म्हणजे पाच ग्रॅम मीठ. त्यात हिरवा चिली सॉस, लाल चिली सॉस, वरून सवयीनं 'चवीपुरतं' मीठ. बाजूला पापड, कारण आत्यांना पापडाशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. हा पापड कुठल्याही वेटरला कधी काही विचारत नाही. आमच्या घरात आता साधा रिवाज आहे: सोया सॉस आला की मीठ बरणीत राहतं. सॉस चमच्यानं मोजायचा, बाटलीनं नाही, आणि तो अगदी शेवटी, आच बंद करताना घालायचा, म्हणजे कमी असूनही वास आणि चव वरच्या वर राहते. व्हिनेगरचे चार थेंब आणि भरपूर मिरपूड असली की मीठ कमी असल्याचं जिभेला सहसा कळत नाही.

भीती बाळगायचीच असेल तर ती भाताची बाळगावी, आणि त्याची कुणालाच नसते. फ्राइड राइसला आदल्या दिवशीचा भात चांगला, हे सगळ्यांना माहीत आहे. गार भाताचा दाणा आवळतो, सुटा होतो, कढईत चिकटत नाही. आपल्या फोडणीच्या भाताचं शास्त्रही तेच. पण भात शिजला तरी तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू तगून राहतात, आणि ओट्यावर झाकण ठेवून रात्रभर कोमट राहिलेल्या भातात ते मजेत वाढतात. ते जे विष तयार करतात ते पुन्हा परतूनही जात नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतला फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या झाल्या तेव्हा भातातल्या या बॅसिलस सिरियसकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. इलाज अगदी सोपा आहे: भात झाला की परातीत पसरायचा, वाफ गेली की तास-दीड तासात झाकून फ्रिजमध्ये. 'गरम भात फ्रिजमध्ये ठेवू नये' असं आपल्या आयांनी शिकवलेलं असल्यामुळे तो बाहेरच राहतो, आणि सकाळी पोट बिघडलं की आपण म्हणतो, काल अजिनोमोटो असणार.

आत्या चायनीजच्या रंगालाही नावं ठेवतात, ते मात्र बरोबर आहे. गाडीवरच्या मंच्युरियनचा तो लाल रंग निसर्गात कुठंही आढळत नाही. बोटांना लागला की दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरतो. गोव्यात तर यावरून राजकारण पेटलं. तिथं प्रत्येक जत्रेत देवळाबाहेर खाजं आणि चण्यांच्या दुकानांशेजारी गोबी मंच्युरियनचे गाडे लागतात. २०२२ साली वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या फेरीत त्यांना आवर घालायच्या सूचना अन्न आणि औषध प्रशासनानं केल्या, आणि २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेनं ते बंदच करायचं ठरवलं. कारणं दोन: कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी केली. पोर्तुगीजांना साडेचारशे वर्षांत एवढं एकमुखानं कुणी 'चालते व्हा' म्हटलं नसेल, तेवढं त्या फ्लॉवरला म्हटलं गेलं. घरी हा प्रश्न एका मिनिटात सुटतो. ब्याडगी मिरची गरम पाण्यात भिजवून वाटली की रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. शेजारच्या वहिनी रंगासाठी बीट घालतात. त्यांचं मंच्युरियन पौष्टिक असतं यात शंका नाही, पण ते गुलाबी असतं, आणि गुलाबी मंच्युरियनकडे बघून भूक लागेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणि मिरची वाटलीच आहे तर शेझवान चटणीचं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तिथं मला माझं माहेर भेटलं. चीनच्या ज्या सिचुआन प्रांतावरून 'शेझवान' हे नाव आलं, तिथलं खरं तिखट नुसत्या मिरचीचं नसतं. मिरची तिकडेही आपल्यासारखीच अमेरिकेहून, अलीकडच्या काही शतकांत आलेली. तिच्या आधीपासून तिथं आहे ती एका काटेरी झाडाची, लिंबाच्या कुळातली, उकललेली बारीक फळं. ती चावली की जीभ झिणझिणते आणि ओठ किंचित बधिर होतात. मिरचीचा जाळ आणि ही झिणझिण मिळून तिथल्या जेवणाची ओळख ठरते. आपल्या बाजारच्या शेझवान चटणीत ती फळं नावालाही नसतात. लाल मिरची, लसूण, व्हिनेगर, साखर, आणि वर तेलाचा बोटभर थर, एवढंच. आता ही फळं हिंदुस्थानात मिळवायची कुठून, म्हणून लोक आयात मालाच्या महागड्या दुकानांत चकरा मारतात. आणि त्यांची सख्खी बहीण आमच्या कोकणात बांगड्याच्या कढीत पडलेली असते. तिरफळ! तेच कूळ, तेच काटेरी खोड, तसंच उकललेलं फळ, आतली काळी बी फेकून द्यायची तीही तशीच. चवीत फरक आहे. तिरफळ जास्त रानटी, त्याला कच्च्या लिंबाच्या सालीचा वास अधिक. पण झिणझिण अस्सल. आमच्या आईला मालवणहून तिरफळं पाठव म्हणून सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "बांगडे मिळाले काय गो बरे?" मी म्हटलं, नाही, चायनीजला हवीत. फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

तर चटणी अशी. ब्याडगी पुष्कळ, तिखटपणाला दोनचार लवंगी, बिया झटकून, गरम पाण्यात भिजवून वाटायच्या. लसूण हात आखडता न घेता, आलं त्याच्या निम्मं, दोन्ही वाटायचं नाही, बारीक चिरायचं. थोड्या तेलात मंद आचेवर लसूण मऊ होऊ द्यायचा, मग वाटण, आणि तेल सुटेपर्यंत परतायचं. बिया काढलेली तिरफळं कोरडी भाजून, ओबडधोबड ठेचून, आच बंद केल्यावर घालायची. जास्त शिजवलं की कडवटतात. थोडं व्हिनेगर, चिमूटभर साखर. तेल कमी असल्यामुळे ही चटणी बाजारच्या बाटलीसारखी महिनोन्‌महिने टिकणार नाही. फ्रिजमध्ये ठेवायची आणि आठवड्याभरात संपवायची. आमच्याकडे ती त्याच्या आतच संपते, कारण लेक ती भाकरीला लावून खाते.

आता मंच्युरियन. इथं माझं मत जरा कडवं आहे. ग्रेव्हीचं मंच्युरियन तळू नये. तळण्याचा सगळा मोबदला म्हणजे कुरकुरीतपणा, आणि तो ग्रेव्हीत पडल्यावर पाच मिनिटंही टिकत नाही. म्हणजे तेल पोटात जातं आणि कुरकुर हवेत. त्यापेक्षा आप्पेपात्र काढावं. कोबी-गाजर किसून त्यावर थोडं मीठ टाकून दहा मिनिटं ठेवायचं, मग घट्ट पिळायचं. हे पिळणं महत्त्वाचं. पाणी राहिलं की पीठ जास्त लागतं आणि मग तो कोबीचा गोळा न होता पिठाचा गोळा होतो. पिळलेलं पाणी फेकू नये, ग्रेव्हीत घालावं, आणि मग तिथला सॉस तेवढा कमी करावा. पिळलेल्या कोबी-गाजरात आलं, लसूण, हिरवी मिरची, मिरपूड, आणि जेमतेम मिळून येईल एवढं कॉर्नफ्लोअर आणि मैदा. हो, मैदा. दोन चमचे मैद्यानं घरावर संकट येत नाही. मैद्याऐवजी बेसन घालणाऱ्यांना मी हात जोडते. बेसन घातलं की ती कोबीची वडी होते. वडी छान लागते, पण तिला सोया सॉसमध्ये बुडवू नये, तिनं आपलं काय वाकडं केलंय? आप्पेपात्रात प्रत्येक खळग्यात दोन थेंब तेल, झाकण ठेवून एक बाजू, उलटून दुसरी. ग्रेव्हीत गेल्यावर तळलेल्यात आणि यात ओळखून दाखवणारा मला भेटायचाय.

मात्र कुणी ड्राय मंच्युरियन मागितलं तर मी आप्पेपात्र परत कपाटात ठेवते. ते तळलेलंच हवं. ते उकडून, भाजून, हवेच्या यंत्रात फिरवून आणि वर 'अगदी तसंच लागतं' असं म्हणवून घेण्यात मला रस नाही. तसं लागत नाही. अशा वेळी सरळ तळावं, प्रत्येकाला चारच वाढावेत, आणि कढई उतरवावी. क्रिस्पीचंही तेच. चिकन लॉलीपॉपचंही तेच, फक्त त्याला रंग नको आणि हाडाभोवती ती चांदीची चमकी नको. घरात कुणाचं लग्न नाही.

पण घरच्या चायनीजची खरी अडचण तेल-मिठाची नाहीच. अडचण आचेची आहे. गाडीवरच्या शेगडीची आग आपल्या घरच्या बर्नरच्या कित्येक पटींनी मोठी असते. त्या आगीत भाजीचं पाणी सुटायच्या आत उडून जातं, तेलाला किंचित धुराचा वास लागतो, आणि कोबी कच्चा न राहता करकरीत राहतो. आपण काय करतो? घरातल्या सगळ्यांचं एकदम करायचं म्हणून मोठ्या नॉनस्टिकमध्ये ढीगभर भाज्या ओततो. कढईचा ताव क्षणात जातो, भाज्या आपल्याच पाण्यात शिजायला लागतात, आणि मग चव येईना म्हणून आणखी सॉस, आणखी मीठ, वरून आणखी तेल. पौष्टिकपणाचा पराभव तिथं होतो. मैद्याचं उगीच नाव होतं.

यावर उपाय एकच आहे आणि तो आपल्या कुटुंबसंस्थेला थोडा जड जातो: एका वेळी एका माणसाचं करायचं. साधी लोखंडी कढई घ्यायची, धूर दिसू लागेपर्यंत तापवायची. नॉनस्टिक इथं नको. तिला इतकं तापवायचंच नसतं. सगळं चिरून ओट्यावर ओळीनं मांडलेलं हवं, कारण नंतर लसूण सोलायला वेळ मिळत नाही. चमचाभर तेल, लसूण, फरसबी-गाजर, मग ढोबळी मिरची, शेवटी कोबी, एक मूठ भात किंवा उकडून निथळलेल्या नूडल्स, सॉस, बंद. दोन मिनिटं. भाज्यांचा ढीग भाताच्या दुप्पट असला तरी या आचेवर कुणी तक्रार करत नाही. भाजी करकरीत असली की ती भाजी आहे हे मुलांच्या लक्षातच येत नाही. मग दुसऱ्याचं. त्यामुळे जेवण थालीपिठांच्या दिवसासारखं होतं: करणारा ओट्याशी उभा, बाकीचे रिकामी ताटली पुढे करून रांगेत. पहिल्याचं संपलं तरी दुसऱ्यांदा नंबर यायला वेळ लागतो. आणि त्या वेळात पोटाला कळतं की आपलं पुष्कळ झालं. कमी खायचं हे आमच्याकडे एरवी कुणाला जमलेलं नाही. रांगेत उभं केलं की जमतं.

ओट्यासमोरची खिडकी मात्र उघडी ठेवावी लागते. मिरची आणि लसणाच्या ठसक्यानं वरच्या मजल्यावरचे काका शिंकायला लागले की आमच्या इमारतीत कळतं, आज यांच्याकडे चायनीज आहे.

एवढं सगळं केल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते. चीनमधल्या घरांत रोज असलं काही करत नाहीत. तिथं रात्रीच्या जेवणाला उकडलेला मासा असतो, वर आल्याच्या काड्या आणि कांद्याची पात. लसणावर परतलेली पालेभाजी असते. ठेचलेली काकडी, तिला व्हिनेगर आणि लसूण. आपण चोचवलेल्या काकडीला दाण्याचं कूट आणि लिंबू लावतो तसंच काहीसं. टोमॅटो-अंडं तर घराघरांत: अंडं हलकेच परतून बाजूला काढायचं, टोमॅटो रस सुटेपर्यंत शिजवायचा, मग अंडं परत आत. मीठ-साखर, पात, संपलं. आणि बरं नसलं की पातळ भात, म्हणजे आमच्या कोकणातली पेज. आजारी माणसाला काय द्यावं यावर जगातल्या आयांचं इतकं एकमत असेल असं वाटलं नव्हतं. आपल्या चायनीजमधून काढायचं काय याची एवढी डोकेफोड आपण करतो, पण ज्यात काढण्यासारखं काहीच नाही ते चिनी जेवण कुणी मागत नाही. त्याला ड्रॅगनची पाटी नाही ना!

मागच्या आठवड्यात आत्यांचं पोट जरा नरम होतं. मी उकड्या तांदळाची पेज केली, बाजूला टोमॅटो-अंडं, आणि सांगून टाकलं की आत्या, आजचं जेवण अस्सल चायनीज आहे. त्यांनी चमचा तसाच हातात धरला.

"ह्यात अजिनोमोटो नाही ना?"

"नाही हो आत्या. नुसता टोमॅटो."

टोमॅटोत काय असतं ते मी सांगितलं नाही. त्यांनी पेज खाल्ली, अंडं खाल्लं, पुन्हा थोडी पेज घेतली. मग उठून स्वतःच कपाटातून मेतकुटाची बाटली काढली, पेजेवर चमचाभर भुरभुरवलं, वर तूप सोडलं, आणि दोन घास झाल्यावर म्हणाल्या, "बरं आहे की हे. पण काय गं, ह्या लोकांना मेतकूट कुणी दिलं नाही का?"